समासातली पेन्सिल

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, कॉलेजच्या फाटकासमोर, झेरॉक्स आणि प्रिंटचं दुकान आहे. दुकानाला पाटी आहे, पण पाटीवरचं नाव कुणी वाचत नाही. नव्या मुलांनी विचारलं की जुनी मुलं सांगतात, "चारपानी काकूंकडे जा." काकू माझ्याहून फार मोठ्या नाहीत, तरी मीही त्यांना काकूच म्हणते. त्या मला 'चिमीची आई' म्हणतात. चिमी म्हणजे आमची मुलगी.

चारपानी हे नाव त्यांनी कमावलेलं आहे. जाडजूड पुस्तकं पाठीवर वाहायचा मुलांना कंटाळा, म्हणून एका कागदावर चार पानं छापून मागतात. तशी ती कुणीही छापून देतं. संगणकाला सांगितलं की तो पान आहे तसं लहान करतो, पण पानाच्या चारी बाजूंचं पांढरंही सोबत घेतो, वर स्वतःचं थोडं पांढरं घालतो. मग कागदाच्या मधोमध रस्त्याएवढी रुंद फुली पडते आणि अक्षरं मुंग्यांसारखी होतात. काकू आधी मूळ पानाचा समास काढून टाकतात, नुसता मजकूर उरला की तो मोठा करतात, मग चार पानं एकमेकांना चिकटू नयेत इतपत जवळ आणतात. बाइंडिंगसाठी एकाच कडेला बोटभर जागा ठेवतात. कागदाच्या मागच्या बाजूला ती जागा विरुद्ध कडेला जावी लागते, नाहीतर स्पायरलची भोकं थेट अक्षरांवर पडतात.

"पांढरं काढलं की काळं आपोआप मोठं होतं," असं त्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगत. मुलं मागून त्यांची नक्कल करत आणि त्यांनाही ते माहीत होतं.

हे सगळं त्या चुकत चुकत शिकल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा इथे नुसतं बाइंडिंगचं काम चाले. काका, म्हणजे त्यांचे यजमान, मागच्या खोलीत डिंक आणि दोऱ्यात बसलेले असत. जुनं झेरॉक्स मशीन आलं आणि काकू पुढे येऊन उभ्या राहिल्या. पहिलं मोठं काम आलं ते एका प्राध्यापकांच्या नोट्सचं. मागच्या बाजूची जागा उलटी करायची राहिली आणि सगळ्या मुलांच्या प्रतींमध्ये प्रत्येक ओळीची सुरुवात भोकांत गेली. त्या वर्षीच्या मुलांनी अंदाजाने अभ्यास केला. काका अजून सांगतात, "त्या वर्षी निकाल चांगला लागला. डोकं वापरावं लागलं ना पोरांना."

"तुम्ही भोकं पाडलीत, मी नाही," काकू म्हणत.

"मी सांगितलं तिथे पाडली. बायकोचं ऐकलं, हाच गुन्हा."

तेव्हापासून काकू आधी एक कोरा कागद घेऊन त्याची चौघडी घालतात, प्रत्येक घरात आकडा टाकतात, उलटसुलट करून बघतात आणि मगच मशीनला हात लावतात. पुढे नवं मशीन आलं. त्यात आपली पद्धत साठवून ठेवायची सोय होती. काकूंनी स्वतःची सगळी हुशारी एका बटणात घातली. ते बटण दाबलं की मशीन पुस्तकाच्या पानाचा फक्त छापलेला भाग वाचे. कडेचा काळपट डाग, बोटांचे ठसे, वाचनालयाचा शिक्का, कुणी मारलेल्या रेघोट्या, सगळं चौकटीबाहेर राही. मग चार पानं आपोआप कागदावर जागच्या जागी बसत. काकूंची प्रत मूळ पुस्तकापेक्षा स्वच्छ असे. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि तो असायलाच हवा होता.

त्यांची एकुलती लेक आमच्या चिमीच्या वर्गात. दोघी पहिलीपासून बरोबर. काका तिला 'तळटीप' म्हणत, कारण कुणाचंही बोलणं संपलं की हिचं एक वाक्य शिल्लक असेच. पुढे घरीदारी सगळे तिला टीपच म्हणू लागले. दुकानात काचेवर एक कागद चिकटवलेला आहे, 'घाई असेल तर कालच यायचं होतं.' ते अक्षर टीपचं. काकूंनी किती वेळा काढायला सांगितला होता. आता कुणी हात लावत नाही.

टीपला एक खोड होती. पुस्तक वाचताना ती समासात पेन्सिलीने लिहायची. अभ्यासाचं कमी आणि गप्पाच जास्त. जणू पुस्तक लिहिणारा माणूस समोर बसलाय आणि ही त्याला अडवतेय. काकू चिडायच्या. दिवसभर लोकांचे समास साफ करायचे आणि घरात पोरीने ते भरायचे.

"अगं, कडेची जागा मोकळी ठेवायची असते."

"मोकळी कुणासाठी ठेवलीय पण, आई? कुणीतरी काहीतरी म्हणावं म्हणूनच ना?"

"तुला विचारलंय का कुणी?"

"नाही विचारलं म्हणून तर पेन्सिलीने लिहिते."

दोघी मुलींनी भूगर्भशास्त्र घेतलं. का घेतलं ते आम्हा दोघी आयांना कळलं नाही. काकू म्हणाल्या, "दगडांचा अभ्यास. घरी सांगितलेलं ऐकून घेत नाहीत, दगड तरी काय ऐकवणार त्यांना." शेवटच्या वर्षाला एक जाड पुस्तक होतं, खडकांचं आणि थरांचं. आत घडी घातलेले रंगीत नकाशे. ते आता छापलं जात नाही आणि कॉलेजच्या वाचनालयात त्याची एकच प्रत होती. पाळीपाळीने मिळायची. टीपची पाळी आली आणि त्याच सुमाराला तिला ताप यायला लागला.

आधी साधा वाटला. मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी काका-काकूंना खोलीत बोलावून खुर्चीवर बसायला सांगितलं. रक्ताचा आजार होता आणि तो फार पुढे गेलेला होता. मी इथे त्याबद्दल जास्त लिहीत नाही. ज्यांनी असं कुणाचं पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना कळू नये.

टीपने ते पुस्तक दवाखान्यात नेलं होतं. परीक्षा द्यायचीच असं तिने ठरवलं होतं. पुढे तिच्या घशात नळी घातली तेव्हा बोलणं बंद झालं. एक दिवस काहीतरी सांगायला म्हणून तिने उशाशी असलेलं पुस्तक ओढलं आणि समासात लिहिलं, 'खिडकी.' काकूंनी खिडकी उघडली. त्या दिवसापासून ती त्या पुस्तकातच बोलायची. नर्सने पाटी आणून दिली होती, वहीही होती. टीपने दोन्ही बाजूला सारल्या. काकांनी बाइंडिंगचा दोरा आणला आणि पेन्सिल पुस्तकाच्या पाठीला बांधून दिली, म्हणजे खाली पडली तरी तिला वाकावं लागू नये.

ती गेली तेव्हा पेन्सिल तशीच लोंबत होती.

पुस्तक कितीतरी दिवस काकूंच्या उशाखाली होतं. वाचनालयाच्या बाईंनी एका शब्दाने मागितलं नाही. उलट चिमीजवळ निरोप दिला, "सावकाश द्या म्हणावं." पण परीक्षा जवळ आली. मुलं दुकानात येत, पुस्तकाचं नाव न काढता उभी राहत, काहीतरी एखादं पान झेरॉक्स करून निघून जात. काकूंना ते दिसत होतं.

मी म्हटलं, "हरवलं म्हणून सांगू या ना. कोण काय बोलणार आहे?"

"शिक्क्याचं पुस्तक आहे, चिमीची आई. आणि मुलं थांबलीयत. टीप असती तर तीच म्हणाली असती, आई, दगड काय तुझ्या एकटीचे आहेत का?"

काका म्हणाले, "मग त्यांना चांगली प्रत करून देऊ. मी कापडी बांधणी करतो. मूळ आपण ठेवू."

"नकाशांचे रंग आपल्या मशीनवर येतात का?"

काकांनी उघडलेल्या नकाशाची घडी परत घातली. त्यांना माहीत होतं, येत नाहीत.

तेव्हा काकूंनी ठरवलं, प्रत आपल्यासाठी करायची आणि पुस्तक परत द्यायचं. टीपचं सगळं लिहिणं प्रतीत येईल. अक्षर तेच, फक्त कागद वेगळा. टीप स्वतः नेहमी चार पानांची प्रत वापरायची, पिशवीत जड होत नाही म्हणून. तशीच करायची, म्हणजे रोज जवळ बाळगता येईल.

एका दुपारी त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. मी चहा घेऊन खाली गेले. त्या मशीनजवळ उभ्या होत्या. पुस्तक उघडायच्या, काचेवर पालथं घालायच्या, बटण दाबायच्या, उचलून पान उलटायच्या. आणि हे सगळं करताना त्यांची नजर समोरच्या भिंतीवर होती. भिंतीवर काही नव्हतं.

"काकू, मी करू का थोडं?"

"नको. माझं मी करते." मग म्हणाल्या, "मी बघत नाहीये. आत्ता एक पान वाचलं तर पुढचं उलटायची नाही. सगळं छापून होऊ दे. मग एकदाच बघेन, सावकाश."

चहा तसाच निवला. मशीनमधून कागद पालथे बाहेर पडत होते, नेहमी पडतात तसे. काकूंनी तो गठ्ठा उलटादेखील केला नाही, सरळ काकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. मग पुस्तकाच्या पाठीचा दोरा कात्रीने कापला, पेन्सिल काढून घेतली, आणि संध्याकाळी पुस्तक पिशवीत घालून चिमीच्या हातात दिलं.

"तू दे गं नेऊन. मला तो जिना चढवणार नाही."

चिमी दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेली ती दिवेलागणीला परत आली. तिच्या बाह्यांवर खोडरबरचा काळा चुरा होता. मी विचारलं तर म्हणाली, "आई, पुस्तकात लिहिलेलं असलं की तिथले शिपाई सगळ्यांसमोर पानं दाखवत बोलतात. मला वाटलं, टीपच्या पुस्तकाला कुणी काही बोलायला नको. काकूंच्या कानावर तर मुळीच जायला नको. प्रत काकूंकडे आहेच, म्हणून वाचनखोलीत बसून सगळं पुसलं." थोड्या वेळाने म्हणाली, "पुसताना सगळं वाचलं मी." आणि न जेवता जाऊन झोपली.

मला तेव्हा तिचं कौतुक वाटलं. माझी लेक किती समजूतदार आहे असंच मनात आलं. मुलं समजूतदारपणे वागली की आया बेसावध होतात.

काकांनी बांधणीला वेळ घेतला. गठ्ठा त्यांनीही उलटला नाही. दोघांनी मिळून एकदाच बघायचं असं ठरलेलं होतं. निळं कापड लावलं, कडा कापल्या, दाबाखाली ठेवलं. मग एका सकाळी काकू आमचा जिना चढून आल्या. हातात ते निळं पुस्तक. श्वास लागला होता, पण आवाज नेहमीचाच.

"चिमी आहे का?"

चिमी केस विंचरत बाहेर आली.

"पुस्तक दिलंस का गं वाचनालयात?"

"हो काकू, केव्हाच दिलं. तुम्ही काळजी करू नका, सगळं नीट पुसून दिलंय. एक रेघसुद्धा ठेवली नाही. कुणी काही बोललं नाही."

काकू दाराची चौकट धरून उंबऱ्याशी बसल्या.

"बरं केलंस, बाळा," त्या म्हणाल्या. "पाणी देतेस जरा?"

चिमी पाणी आणायला आत गेली तेव्हा काकूंनी निळं पुस्तक माझ्याकडे दिलं. मी उघडलं. काळंभोर, ठळक, एका कागदावर चार पानं, एकही ओळ तिरपी नाही. खडक, थर, आकृत्या. कडेला कुठे काही नव्हतं. बटण दाबताना त्यांचा हात नेहमीच्या बटणावर गेला होता. बटणाने नेहमीचं काम केलं होतं. समास काढून टाकला होता.

"मशीनमध्ये मूळ राहिलं असेल ना काहीतरी?" मी विचारलं. मला दुसरं काय सुचणार.

"मी चौकट घातलेली असते. चौकटीबाहेरचं ते वाचतच नाही. त्याने ते पाहिलंच नाही, चिमीची आई."

चिमी पाणी घेऊन आली. पुस्तक माझ्या हातात उघडं होतं. मी मिटेपर्यंत तिने पाहिलं. तिच्या हातातला पेला सांडला नाही की पडला नाही, तिने तो अगदी सावकाश खाली ठेवला. मला अजून तो पेला आठवतो आणि भीती वाटते.

काका त्याच दिवशी वाचनालयात गेले. बाईंनी नोंद न करता पुस्तक त्यांना दिलं आणि म्हणाल्या, "हवं तितके दिवस ठेवा." काकांनी पानं उजेडात तिरकी धरली, बॅटरी आडवी लावून पाहिली. कॉलेजात जाता येता लिहिलेलं होतं त्याचे वळ काही ठिकाणी कागदावर उमटलेले होते. एखादं अक्षर, अर्धा शब्द. टीप तेव्हा पेन्सिल दाबून लिहायची. दवाखान्यातल्या पानांवर मात्र काहीच नव्हतं. तेव्हा तिच्या हातात जोर उरला नव्हता. जे पेन्सिलीने कागदाला नुसतं शिवून लिहिलं होतं ते खोडरबरच्या एका फटक्यात गेलं. काकांनी पुस्तक परत नेऊन दिलं आणि ते मुलांना मिळू लागलं.

दुकान बंद राहिलं नाही. काकू रोज उघडत. पण चार पानं मागितली की म्हणत, "आज होणार नाही." मुलं म्हणत, "मग उद्या?" त्या म्हणत, "उद्याचं उद्या." नावापुरत्या चारपानी राहिल्या.

आणि वर आमची चिमी. जेवायला बसायची आणि भात चिवडायची. मी म्हटलं, तुझी चूक नाही. तिच्या बाबांनी म्हटलं. काकू स्वतः दोनदा वर येऊन म्हणाल्या, "चूक माझ्या हाताची आहे, तू कशाला खालावतेस?" तिने सगळ्यांना मान डोलावली. तिने आपला खोडरबर टाकून दिला होता. वहीत काही चुकलं की रेघ मारून पुढे लिहायची. मी तिची वही चोरून बघत असे. काय शोधत होते, देव जाणे.

मग एक दिवस काकू आल्या आणि या वेळी त्यांनी समजूत घातली नाही. म्हणाल्या, "चिमे, तू सगळं वाचलंस ना?"

चिमी रडायला लागली.

"रडू नको. आठव. तू वाचलंस. आम्ही दोघांनी दवाखान्यात तिने पुढे केलं तेवढंच वाचलं, सगळं नाही. सगळं वाचलेली जगात एकटी तू आहेस." त्यांनी पिशवीतून कागदांचा जाड गठ्ठा काढला. त्याच पुस्तकाची प्रत, मशीनमध्ये साठलेल्या पानांवरून काढलेली, पण एका कागदावर एकच पान, मधोमध, आणि चारी बाजूंनी पांढरं. "जेवढं कापलं त्याच्या दुप्पट जागा सोडलीय. तू सांग, मी लिहिते."

त्या दिवसापासून दुपारी दोघी दुकानाच्या मागच्या खोलीत, काकांच्या टेबलाशी बसू लागल्या. मीही जाऊन कोपऱ्यात बसे. चिमीला एकटीला सोडायचा धीर होत नव्हता. काकूंच्या हातात तीच पेन्सिल, टोकाला दोऱ्याची गाठ अजून तशीच.

सुरुवातीचं चिमीला चांगलं आठवत होतं. एका पानावर होतं, हा थर साचायला लाखो वर्षं लागली. "इथे तिने लिहिलं होतं, 'आणि आई म्हणते मीच आंघोळीला वेळ लावते.'"

काकू हसल्या. ती गेल्यानंतर पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. हसत हसत त्यांनी ते लिहिलं.

पुढे एका पानावर होतं, हा खडक दिसायला कठीण असतो, मात्र पाणी लागल्यास त्याचा भुगा होतो. चिमी थांबली.

"काय होतं?"

"एकच शब्द होता. 'बाबा.'"

काका डिंकाचा ब्रश धुवत होते. ते धुवतच राहिले.

"लिहू का हो?" काकूंनी विचारलं.

"लिही. खरंच आहे ते."

पण पुस्तक जसजसं पुढे गेलं तसतसं चिमीला कमी आठवू लागलं. कुठे नुसतं 'इथे काहीतरी होतं, वरच्या कोपऱ्यात.' काकू तिथे बारीक टिंब देऊन पान उलटत. कुठे तेही नाही. दवाखान्यातली पानं आली तेव्हा काकूंना स्वतःलाच काही आठवलं. 'खिडकी' त्यांनी न विचारता लिहिलं. 'पाणी' लिहिलं. मग एका पानाशी चिमी काहीच बोलेना. खाली बघत राहिली.

काका आपल्या स्टुलावरून म्हणाले, "ते मला लिहिलेलं होतं. 'आईला सांगू नको.'"

काकूंनी मान वर केली. "काय सांगू नको?"

काकांनी हात पुसले. बराच वेळ पुसले.

"दुखतंय म्हणून."

काकूंनी पेन्सिल उचलली आणि त्या पानाच्या समासात, आपल्या वळणदार अक्षरात, सगळं वाक्य लिहिलं. 'आईला सांगू नको, दुखतंय.' लिहून झाल्यावर त्याच्यावरून एकदा बोट फिरवलं आणि पान उलटलं. त्या दिवशी त्यांनी पुढे काही केलं नाही.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट झाली. चिमीला अचानक पुष्कळ आठवू लागलं. प्रत्येक पानावर काहीतरी. ती भराभर सांगायची आणि काकू लिहायच्या. चिमी जेवू लागली, घरी आल्यावर दोन शब्द बोलू लागली. मी मनात म्हटलं, सुटलो. पण मी दोघी मुलींना लहानपणापासून ओळखते. टीप कसं बोलायची ते मला माहीत होतं आणि माझी चिमी कसं बोलते तेही. कोपऱ्यात बसून ऐकता ऐकता मला ओळखू आलं, ही वाक्यं टीपची नव्हेत. मी बोलले नाही. एकीकडे ती दोघं, एकीकडे माझी पोर. काय बोलणार होते?

शेवटाकडचं एक पान आलं. चिमी म्हणाली, "इथे लिहिलं होतं, 'आई, तू काळजी करू नकोस. मी बरी होईन.'"

काकूंनी पेन्सिल कागदावर टेकवली. लिहिलं मात्र नाही.

"हे तिने लिहिलं?"

"हो."

"चिमे."

चिमीने वर पाहिलं नाही.

"ती मला असं खोटं नसती गं बोलली," काकू म्हणाल्या. रागाने नाही. एखादीच्या केसातला कागदाचा कपटा काढावा तसं म्हणाल्या. "दुखणं लपवलं तिने माझ्यापासून. पण बरी होईन असं म्हणाली नसती. तिला ठाऊक होतं."

चिमीने टेबलावर डोकं टेकलं. "मला आठवतच नाही हो काकू. मी सगळं वाचलं आणि मला आठवत नाही."

काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. कितीतरी वेळ तसाच ठेवला.

"मला कळत होतं. चार दिवसांपूर्वीच कळलं. लिहीत राहिले, कारण तूही जेवायला लागली होतीस." मग म्हणाल्या, "वाईट नाही गं, चांगलं लिहिलंयस. पण ते तुझं आहे. तिच्या जागेत नको."

त्यांनी खोडरबर मागितला नाही. चिमीची वाक्यं होती ती पानं त्यांनी गठ्ठ्यातून काढली, ती तशीच चिमीला दिली आणि मशीनवर जाऊन त्या पानांच्या कोऱ्या प्रती काढून त्यांच्या जागी लावल्या. काकांनी दुसरी बांधणी केली. हे पुस्तक फार जाड झालं, पिशवीत मावणारं नाही. त्यातली बहुतेक पानं कडेने कोरी आहेत. काकू कधीकधी ते उघडून बसतात आणि लिहिलेल्या पानांइतकाच वेळ कोऱ्या पानांवरही बसतात.

चिमीने ती परत दिलेली पानं कुठे ठेवलीत ते मला माहीत नाही. मी शोधली, सापडली नाहीत. आत्ता हे लिहिताना पलीकडच्या खोलीत तिचा दिवा चालू आहे. मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा म्हणाली, "झोपते, आई."

काकू आता पुन्हा चार पानं छापून देतात. परवा मी दुकानात होते तेव्हा एक मुलगा पुस्तक घेऊन आला. काकूंनी ते हातात घेतलं आणि विचारलं, "कडेला काही लिहिलंय का?"

"नाही हो काकू."

"बघू दे." त्या एकेक पान उलटू लागल्या. मुलगा घड्याळ बघत होता. काचेवरचा कागद वाचून झाला, पुन्हा घड्याळ. एका पानाच्या कोपऱ्यात कुणीतरी टोपी घातलेला बेडूक काढलेला होता.

"हे कुणी काढलं?"

"कुणास ठाऊक. जुनं पुस्तक आहे. काढून टाका ना ते."

काकूंनी मशीनची चौकट थोडी रुंद केली. बेडूक आत आला. प्रत झाली, मुलाने उजेडात धरून पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"हल्ली तुमची अक्षरं बारीक येतात, काकू."

"येतात रे," काकू म्हणाल्या, आणि पुढचं पान काचेवर ठेवलं.